जुनी डिझेल गाडी घेतली, टायमिंग बेल्ट केव्हा बदलला ते माहीत नाही. आता काय करावे?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देतो आहे ते इतरांनाही कळेल. तुम्ही दारव्हा तालुक्यातले. गेल्या दिवाळीत 2012 ची फोर्ड फिगो डिझेल घेतली, तुम्ही तिसरे मालक. मीटरवर 84 हजार. गावातल्या मिस्त्रीने वरचे कव्हर काढून टायमिंग बेल्ट पाहिला आणि म्हणाला, टकाटक आहे, दोन वर्षे हात लावू नका. यवतमाळच्या मिस्त्रीने बेल्टकडे नीट पाहिलेही नाही. त्याने सांगितले, बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), वॉटर पंप, सगळे नवे टाका. खर्च ऐकून तुम्ही थबकले. पेरणीचे दिवस आहेत, पैसा सोयाबीन विकल्यावरच हातात येणार. वडिलांना मात्र दर महिन्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावे लागते, पुढची तारीख वीस दिवसांवर आहे. दोघांपैकी कोणाचे ऐकू आणि ऑक्टोबरपर्यंत थांबलो तर चालेल का, असे तुम्ही विचारता.

मी मूर्तिजापूर-कारंजा रस्त्यावर गॅरेज चालवतो. सोळाव्या वर्षी अमरावतीला एका मिस्त्रीच्या हाताखाली पाने पुसायला लागलो, तेव्हापासून तीस वर्षे हेच काम करून राहिलो. उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. यवतमाळच्या मिस्त्रीचे ऐका, आणि सोयाबीनची वाट पाहू नका. गावातला मिस्त्री खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याने जे पाहिले तेच सांगितले. पण या बेल्टच्या बाबतीत डोळ्यांना दिसते त्याला फार थोडी किंमत आहे, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

आधी बेल्ट करतो काय ते पाहू. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्याच्यावर पिस्टन वरखाली होतात. वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, कॅम फिरतो, तो व्हॉल्व, म्हणजे हवेच्या आणि धुराच्या झडपा, दाबून उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक व्हायला पाहिजे. ते नाते सांभाळणारा दुवा म्हणजे हा दातेरी रबरी पट्टा. तुमच्या इंजिनात तोच डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि कूलंटचा वॉटर पंपही फिरवतो. गाडी 2,400 आरपीएमवर चालत असेल तर क्रँक सेकंदाला 40 फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक पिस्टन एका सेकंदात 40 वेळा वर येतो, आणि व्हॉल्व त्याच्या वाटेतून वेळेवर बाजूला होतो तो फक्त या पट्ट्याच्या भरवशावर.

डिझेल इंजिनात हवा सोळा-अठरा पट दाबावी लागते. त्यामुळे पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्यात आणि हेडमध्ये जेमतेम फट उरते. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो आणि काही व्हॉल्व उघडेच राहतात. क्रँक मात्र चाकांच्या जोरावर फिरतच असतो. पिस्टन येऊन त्या उघड्या व्हॉल्ववर आदळतो. व्हॉल्व वाकतात, रॉकर मोडतात, कधी पिस्टनच्या माथ्यावर खड्डा पडतो. बहुतेक वेळा आधी आवाज नाही, दिवा नाही. चालती गाडी बंद, एवढेच ड्रायव्हरला कळते.

तुमच्या गावातल्या मिस्त्रीच्या हाताखालून बहुतेक स्विफ्ट-डिझायर जात असतील. त्यांच्या 1.3 डिझेलला बेल्ट नाही, चेन आहे. चेन सैल झाली की सकाळी थंड इंजिन चालू करताना खडखडते, मालकाला आधी सांगते. त्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाला वाटते की इंजिन काहीतरी बोलल्याशिवाय बिघडणार नाही. बेल्ट तसा बोलत नाही.

आता पाहण्याबद्दल. मी शिकलो तेव्हाचे बेल्ट निओप्रीन रबराचे असत. ते जुने झाले की पाठीवर बारीक भेगा पडत, कडक होत, नखाने दाबले की कळत असे. आमच्या उस्तादांनी तसेच पाहायला शिकवले. आताचे बेल्ट एचएनबीआर नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि तेल जास्त सोसते, आणि जुने होऊनही त्याला पूर्वीसारख्या भेगा पडतीलच असे नाही. शिवाय बेल्टची ताकद रबरात नसतेच. आत काचतंतूंच्या बारीक दोऱ्या लांबीने घातलेल्या असतात, ओढ त्या सोसतात. दात्यांवर नायलॉनचे कापड असते, झीज ते सोसते. दोऱ्या आतल्या आत थकत जातात आणि वरचे रबर काळेभोर, मऊ, नव्यासारखे राहते. म्हणून माझ्या गॅरेजमधल्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवतो: बेल्ट पाहून नापास करता येतो, पास करता येत नाही.

वरचे कव्हर काढून दिसते तरी किती? कॅमच्या पुलीवरचा आणि तिच्या खालचा थोडा भाग. क्रँकची खालची पुली, जिथे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारे रबरी कडे, गळते, जिथे खडी-धूळ शिरते, ती झाकलेलीच राहते. चाक आणि मडगार्डचे आतले प्लास्टिक काढल्याशिवाय तिथे नजर जात नाही.

तरीही मी प्रत्येक गाडीत बेल्ट पाहतोच, कारण तो स्वतःबद्दल कमी आणि शेजाऱ्यांबद्दल जास्त सांगतो. एकच कड झिजून दोरे निघाले असतील तर एखादी पुली वाकडी आहे नाहीतर बेअरिंग तिरपे झाले आहे. पाठ आरशासारखी चकाकत असेल तर आयडलर किंवा पंप अडकून बेल्ट त्याच्यावर घासत आहे. दात्याच्या बुडाशी चीर असेल तर काहीतरी जड फिरत आहे, बहुधा पंप. तेलाने ओला आणि फुगलेला असेल तर क्रँकचे किंवा कॅमचे सील गेले. वॉटर पंपाखाली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी सुकलेला ओघळ दिसला तर कूलंट झिरपत आहे. कव्हरच्या आत काळी रबराची पूड साचली असेल तर बेल्ट कुठेतरी खाल्ला जातो आहे. यातले काहीही दिसले की बेल्ट बदलायचा, आणि त्याआधी ते कारण दूर करायचे. नाहीतर नवा बेल्टही त्याच वाटेने जातो.

आवाजाचेही तसेच. लांब पेचकसचे टोक टेन्शनरच्या जवळच्या बोल्टवर टेकवून मूठ कानाला लावली की खराब बेअरिंग घर्रघर्र करताना ऐकू येते. फिरत्या बेल्टला आणि पंख्याला गमछा, बाही लागणार नाही हे आधी पाहा. आवाज आला तर प्रश्नच मिटला. नाही आला तर बेअरिंग उद्याही चांगले राहील असा त्याचा अर्थ होत नाही.

मग ठरवायचे कशावर? किलोमीटर आणि वर्षे, दोन्हींवर, जे आधी भरेल ते. आकडा इंजिनानुसार बदलतो. काही छोट्या गाड्यांना साठ हजार, काही डिझेलना लाख किंवा लाखाच्या वर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तो दिलेला असतो, तोच धरायचा, कोणत्याही मिस्त्रीचा नाही, माझाही नाही. पण तो आकडा चांगल्या परिस्थितीसाठी असतो. धूळ, सतत उन्हाळा, जास्त वेळ उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे, अशा वापरात मुदत कमी धरावी लागते. आपल्याकडे हे तिन्ही आहेत. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा बॉनेटखाली काय भट्टी असते याचा विचार करा. आणि लग्नसराईत एसी चालू ठेवून मांडवाबाहेर तासभर उभ्या असलेल्या गाडीचे मीटर सरकत नाही, बेल्ट मात्र फिरतच असतो.

तुमच्या बाबतीत तर आकड्याचा उपयोगच होत नाही, कारण हातात एकही आकडा भरवशाचा नाही. 2012 च्या डिझेल गाडीवर 84 हजार हे खरेही असू शकते, पण जुन्या गाड्यांचे मीटर मागे फिरवलेले मी इतके पाहिले आहेत की कागद असल्याशिवाय मी मीटर धरतच नाही. समजा मीटर खरे आहे. मग बेल्ट मूळचाच असेल तर त्याचे वय गाडीइतकेच आहे, आणि रबराला तेवढी वर्षे पुरे झाली. आधीच्या मालकाने ‘बेल्ट बदलला आहे’ असे तुम्हाला सांगितले, असे तुम्ही लिहिता. एक विचारतो, कोणता बेल्ट? बाहेरून दिसणारा, अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा बेल्ट वेगळा. तो बदलायला वेळ लागत नाही आणि बिलावर नुसते ‘बेल्ट’ लिहिलेले असते. मालक प्रामाणिक असतो, पण तो त्या बेल्टबद्दल बोलत असतो. बिलावर ‘टायमिंग बेल्ट किट’ असे शब्द, तारीख आणि किलोमीटर नसतील तर बेल्ट बदललाच नाही असे धरून चाला.

दुसरी गोष्ट, तुम्ही विचारले की नुसता बेल्ट टाकला तर खर्च निम्म्यावर येतो, तसे केले तर? हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारते, आणि याचे उत्तर मी स्वतः चूक करून शिकलो आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शिक्षकांची डिझेल गाडी माझ्याकडे आली. मुलीचे लग्न तोंडावर होते. म्हणाले, सध्या फक्त बेल्ट टाका, बाकी पुढच्या वर्षी पाहू. मी टेन्शनर हाताने फिरवून पाहिला, गुळगुळीत फिरला, म्हटले चालते. सात महिन्यांनी बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. कव्हर उघडले तर माझा बेल्ट दात्यांसकट चांगला होता, पण टेन्शनरचे बेअरिंग फुटून बेल्ट बाजूला उतरला होता. आठही व्हॉल्व वाकले. हेड उतरवले, लेथवाल्याकडे नेले, गाईड, सील, गॅस्केट, हेडबोल्ट सगळे नवे लागले. मजुरी मी घेतली नाही, पण पार्टचे पैसे त्यांनाच भरावे लागले, आणि पंधरा दिवस गाडी माझ्या दारात उभी होती. त्या गुरुजींनी मला एक शब्द वाकडा बोलला नाही. त्याचेच मला जास्त लागले. त्यांना ‘नाही’ म्हणायला पाहिजे होते, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. तेव्हापासून नुसता बेल्ट मी टाकत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालते.

याचे कारण साधे आहे. टेन्शनर आणि आयडलर बेल्टइतकेच फिरलेले असतात. त्यांच्या बंद बेअरिंगमधले ग्रीस तेवढेच जुने असते. हाताने फिरवताना त्यांच्यावर ओढ नसते, इंजिनात असते. आणि नवा बेल्ट थकलेल्या जुन्या बेल्टपेक्षा ताठ बसतो, म्हणजे जुन्या बेअरिंगवर अचानक भार वाढतो. माझ्याकडे बंद पडून आलेल्या गाड्यांत बेल्ट स्वतःहून तुटला अशा कमी, बेअरिंगने किंवा पंपाने त्याला मारले अशा जास्त.

वॉटर पंपाबद्दल इंजिनानुसार उत्तर बदलते. ज्या इंजिनात पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो तिथे तो गळत नसेल तर मी हात लावत नाही, उगाच गिऱ्हाइकाचा खर्च कशाला. पण तुमच्या 1.4 डिझेलमध्ये पंप टायमिंग बेल्टवरच आहे. तो उद्या गळला तर हीच सगळी खोलाखोल पुन्हा करावी लागेल, मजुरी पुन्हा. आणि अडकला तर तो बेल्टचे दाते सोलून काढतो.

आपल्या भागात पंपाला आणखी एक शत्रू आहे. माझे गाव खारपाणपट्ट्यात येते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत विहिरींचे, बोअरचे पाणी खारे आहे. तुमच्या दारव्ह्याकडे तसे नाही, पण गाडीचे आधीचे मालक कुठले होते ते विचारा. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये पाणी कमी दिसले की माणूस शेतातल्या विहिरीवरून बाटली भरून ओततो. त्या खाऱ्या पाण्याने पंपाचे पाते कुरतडले जाते, सीलच्या तोंडावर खडे जमतात आणि पंप झिरपायला लागतो. झिरपलेले कूलंट थेट टायमिंग बेल्टवर पडते. दर्यापूरकडच्या एका गाडीचा पंप मी काढला तर पात्यांच्या जागी नुसते खुंट उरले होते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, याशिवाय काहीही टाकू नका. बोअरचे पाणी पिण्याला गोड लागले तरी नाही.

यवतमाळच्या मिस्त्रीने सांगितलेल्या यादीत मी एकच भर घालीन: क्रँक आणि कॅमचे ऑइल सील. किंमत अगदी किरकोळ. कव्हर उघडल्यावर तिथे जरा जरी ओल दिसली तर बदलून टाका. कोरडे असतील तर राहू द्या, चांगले सील उपटताना शाफ्टला ओरखडा गेला तर नवे दुखणे सुरू होते.

पार्ट कुठून घ्यायचे? फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातले गाड्यांचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले, त्यामुळे लोक घाबरतात. पण हे डिझेल इंजिन फोर्ड आणि प्यूजो-सिट्रोएनने मिळून बनवलेले, परदेशात कितीतरी गाड्यांत बसलेले आहे. बेल्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची किट त्याला मिळतात, तालुक्याच्या दुकानात नसतील तर नागपूर किंवा अमरावतीहून मागवता येतात. गाडीचा चेसिस नंबर देऊनच मागवा, ‘फिगो डिझेलचा बेल्ट’ एवढ्यावर नको. डब्यात बेल्ट, टेन्शनर, आयडलर एकत्र असावेत, डबा फोडलेला नसावा. जुना बेल्ट निघाला की नव्याशेजारी ठेवून दाते मोजा आणि रुंदी पाहा. मी अजूनही मोजतो. नवा बेल्ट दुकानदाराने वळी करून रबरबँड लावून दिला असेल, उलटा केला असेल, घट्ट दुमडला असेल तर घेऊ नका. आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या तीव्र वळणात तडकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आता काम कसे व्हायला पाहिजे ते थोडे सविस्तर सांगतो, कारण किट उत्तम आणि बसवणारा उतावीळ असला तर सगळे पाण्यात जाते. तुम्ही स्वतः करू नका. पण शेजारी उभे राहा, कोणताही चांगला मिस्त्री त्याला हरकत घेत नाही.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. गाडी सकाळी नेण्यापेक्षा आदल्या रात्रीच ठेवलेली असली तर सर्वात चांगले. गरम इंजिनाच्या धातूची लांबी वेगळी असते, तेव्हा लावलेली ओढ थंड झाल्यावर बदलते. बॅटरीची तार काढायची. बेल्टच्या बाजूचे चाक काढायचे, इंजिनाखाली लाकडाची फळी देऊन जॅकवर तोलायचे, मग त्या बाजूचे माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा आधार, सोडायचे. माउंटिंगचे रबर फाटले असेल तर याच वेळी बदला.

जुना बेल्ट काढण्याआधी कॅम आणि क्रँक, दोन्ही आपापल्या पिन घालून जागेवर पक्के करायचे. या इंजिनाला त्यासाठी भोके दिलेली आहेत. तुम्हाला मिस्त्री पारखायचा असेल तर हाच प्रश्न विचारा: ‘टायमिंगच्या पिना आहेत का तुमच्याकडे?’ कोणी म्हणाला की पिना लागत नाहीत, मी व्हाइटनरची खूण करून जुन्यावरून नवा चढवतो, तर गाडी परत आणा. खुणेवरून करणारे हुशार लोक मी पाहिले आहेत, मीही तरुणपणी केले आहे. पण आधीच्याने एक दाता चुकवला असेल तर खूण तीच चूक पुढे नेते. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्यांत तर पंपाचेही टायमिंग त्याच बेल्टवर असे, तिथे एक दाता चुकला की इंजिन ठोकते, धूर मारते. तुमच्या कॉमनरेल इंजिनात, जिथे डिझेल केव्हा सोडायचे ते कॉम्प्युटर ठरवतो, पंपाचे तेवढे नाजूक नाही, पण कॅम-क्रँकचे आहे.

बेल्टवर बाण असतो, तो इंजिन फिरण्याच्या दिशेने ठेवायचा. क्रँकपासून सुरू करून ओढीची बाजू ताठ ठेवत बेल्ट चढवायचा, सैलपणा सगळा टेन्शनरच्या बाजूला आला पाहिजे. पेचकसने ढकलून चढवायचा नाही. टेन्शनरवर एक काटा असतो, तो अॅलन पान्याने फिरवून त्याच्या खाचेसमोर आणायचा आणि टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट करायचे. ‘बोटाने दाबून बघतो, अंदाज आहे मला’ हे इथे चालत नाही. जास्त ताणलेला बेल्ट पंपाचे बेअरिंग खातो, सैल बेल्ट दाता सोडतो.

आणि मग सर्वात महत्त्वाची पायरी, जी घाईत गाळली जाते. पिना काढायच्या आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून, सेल्फ न मारता, हाताने इंजिन पूर्ण फेरे फिरवायचे. निदान दोन. मी सहा करतो. कुठेही टणक अडथळा लागला तर जोर करायचा नाही, थांबायचे, कारण तो व्हॉल्वला पिस्टन टेकल्याचा अडथळा असू शकतो. हाताच्या जोरात व्हॉल्व वाचतो, सेल्फच्या जोरात नाही. फेरे झाल्यावर पिना पुन्हा घालून पाहायच्या. दोन्ही अलगद बसल्या आणि टेन्शनरचा काटा खाचेसमोरच राहिला, तरच कव्हर लावायचे. क्रँक पुलीचा बोल्ट मी नवाच टाकतो. कव्हरचा एकही स्क्रू कमी राहू देऊ नका. खालच्या कव्हरचा कोपरा तुटलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. आत हरभऱ्याएवढी गिट्टी गेली, बेल्ट आणि पुलीच्या मध्ये येऊन बेल्टने दाते सोडले. तेवढ्या एका खड्यापायी हेड उतरवावे लागले.

काम झाल्यावर तारीख, किलोमीटर आणि किटचा नंबर कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. जुने पार्ट मागून घ्या.

आता पैशाचा प्रश्न, जो तुमच्यासाठी खरा आहे. चार महिने थांबलात तर बेल्ट तुटेलच असे मी म्हणू शकत नाही. तुमच्या मिस्त्रीची दोन वर्षे कदाचित खरीही ठरतील. पण तुटला तर खर्च आताच्या कामाच्या चार-पाच पट तरी जातो, आणि तो कुठे तुटेल ते तुमच्या हातात नाही. कळंब-देवळीच्या रस्त्यावर ट्रकच्या पुढे इंजिन बंद पडले की स्टेअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते, मग पाय लाकडावर ठेवल्यासारखा वाटतो. मागच्या सीटवर आजारी वडील. मी तो धोका घेणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा. काम होईपर्यंत गाडी फार तर गावापुरती चालवा, आणि सेवाग्रामची वेळ मध्ये आली तर एसटी किंवा भाड्याची गाडी करा. बाकी जे काही गाडीवर करायचे ठरवले असेल, सीट कव्हर, टेप, पेंट, ते सोयाबीननंतर. टायर अगदी गुळगुळीत नसतील तर तेही नंतर. किट तुम्ही स्वतः विकत घ्या आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्या, त्यात थोडे वाचते आणि डबा तुमच्या डोळ्यांसमोर फुटतो. आमच्याकडे ओळखीच्या शेतकऱ्यांची मजुरी हंगामापर्यंत थांबते. तुमच्या यवतमाळच्या मिस्त्रीला विचारून पाहा, विचारण्यात कमीपणा नाही.

तोवर दोन गोष्टी टाळा. गाडी धक्का मारून चालू करू नका, झटक्याने गिअर सोडला की सगळा हिसका बेल्टच्या दात्यांवर येतो. बॅटरी उतरली तर जंपर लावा. आणि उतारावर नुसत्या गिअरवर गाडी उभी करू नका, हँडब्रेक ओढा. गाडीने मागे ओढ घेतली की इंजिन उलटे ढकलले जाते आणि बेल्टची सैल बाजू दाता सोडू शकते.

त्याआधीच एखाद्या दिवशी चालता चालता गाडी बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरल्यासारखा वाटला, तर दुसऱ्यांदा सेल्फ मारू नका. इंजिनात दाब उरलेला नाही असा त्या हलक्या आवाजाचा अर्थ असतो. गाडी न्यूट्रलला टाकून बाजूला घ्या, ओढून न्या, आणि पहिल्यांदा वरचे कव्हर काढून बेल्ट जागेवर आहे का ते पाहा.

वीस दिवसांचा हिशेब असा बसतो. उद्या चेसिस नंबर देऊन किटची चौकशी करा, नागपूरहून यायला चार-पाच दिवस धरा. आदल्या संध्याकाळी गाडी यवतमाळला ठेवा, दुसऱ्या दिवशी काम. कूलंट भरल्यावर हवा काढून इंजिन पंखा लागेपर्यंत गरम होऊ द्या, मग थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. नंतर दोन-तीन दिवस गावातल्या गावात पन्नास-साठ किलोमीटर फिरवा. रोज सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहा, आणि गाडीखाली कागदी पुठ्ठा टाकून ओल पडते का ते बघा. पुठ्ठा कोरडा राहिला तर वडिलांना घेऊन सेवाग्रामला खुशाल निघा.